बित्तूच्या ओठांवर दुसराच आवाज

रंग उडालेला, जाळी एका बाजूने चेपलेली, असा मी एक जुना माइक आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली कहाणी हळुवारपणे सांगावी, अशी लोकांची अपेक्षा असते. आमचे दिवस किती छान होते, आता आम्हाला कोणी विचारत नाही, वगैरे. तेही मी सांगेन. पण माझ्या पोटात जे खदखदतंय ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबच लांब टेबल, त्यावर एकेक दिवा आणि प्रत्येक दिव्याखाली डोक्याला पांढरी टोपी घातलेली एकेक बाई. माझ्या पोटात कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा एक पडदा आहे. एका बाईने तो चिमट्यात धरून, श्वास रोखून, माझ्या आत बसवला. मग मला तपासायला तीच माझ्यासमोर "एक, दोन, तीन" म्हणाली. मी ऐकलेला तो पहिला आवाज. तिला सर्दी झाली होती, आणि मी ती सर्दीसुद्धा जशीच्या तशी पुढे पाठवली. पलीकडच्या खोलीतला तपासनीस ओरडला, "पास! हिचं नाक चोंदलंय ते इथपर्यंत ऐकू येतंय." सगळ्या बायका हसल्या. त्या दिवशी मला माझं काम कळलं. जसं आहे तसं पुढे द्यायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही, कुणाचं काही काढून घ्यायचं नाही.

तिथून मी एका ध्वनिमुद्रण केंद्रात आलो. भोकाभोकांच्या फळ्या लावलेल्या भिंती, जाड पडदे, मध्ये दुहेरी काच, दारावर लाल दिवा. काचेपलीकडे बसायचे ध्वनिमुद्रक काका. ते मला लवचिक पट्ट्यांच्या पाळण्यात टांगायचे, म्हणजे जमिनीची थरथर माझ्यापर्यंत येऊ नये. रोज सकाळी मऊ ब्रशने माझी जाळी साफ करायचे आणि ब्रश फिरवताना माझ्याशी बोलायचे. "आज मोठी बाई गाणार आहे बरं, शहाण्यासारखा वाग." मी शहाण्यासारखा वागायचो. किती गळे ऐकले मी! काही पहाटेसारखे स्वच्छ, काही खरबरीत, काही मायेने ओथंबलेले, काही नुसतेच मोठे. गाणारे जाताना म्हणायचे, "हा माइक सोडू नका हं, काका." माझी मान ताठ व्हायची. तशी ती मुळातच ताठ असते, पण तरी.

मग नवीन माइक आले. बारीक, काळे, चकचकीत. त्यांनाही पोट भरायचं होतं, त्यांच्यावर माझा राग नाही. मला कपाटात ठेवलं, ओल लागू नये म्हणून सोबत दोन छोट्या पुड्या टाकल्या आणि दार लावलं. नऊ वर्षं मी त्या कपाटात होतो. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अंधार होता आणि शांतता होती, आणि माइकला शांततेची फार भीती वाटते.

एके दिवशी कपाट उघडलं. काकांचे केस पांढरे झाले होते. त्यांच्यामागे जीन्स घातलेली, खांद्याला पिशवी लावलेली एक तरुण दिग्दर्शिका उभी होती. सगळे तिला ताई म्हणत. ताईंना गाण्यांनी भरलेला एक चित्रपट करायचा होता, घरातल्या लहानमोठ्यांनी मिळून पाहावा असा. गोष्ट साधी होती. एका शाळेत समूहगान म्हणणारी पंधरा मुलं असतात. एक नवी मुलगी येते. तिचं बोलणं वेगळं असतं, म्हणून तिला कुणी बाकावर जागा देत नाही, गाण्यात घेत नाही. शेवटी सगळी एकत्र गातात. ताईंनी त्या मुलीसाठी दोनशे मुली पाहिल्या होत्या आणि एक निवडली होती.

"अडचण अशी आहे," काका माझी जाळी पुसत म्हणाले, "की नवे माइक तिचा 'स' फार बोचरा करतात. हा म्हातारा समजून घेईल."

ती मुलगी बारा वर्षांची होती. जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ आणि टाळू दुभंगलेले होते. लहानपणीच दोन शस्त्रक्रिया झाल्या. ओठावर एक तिरपी रेघ राहिली, आणि बोलताना थोडी हवा नाकातून निसटायची. तिचा 'ब' जरासा 'म'कडे झुकायचा, 'स' फुरफुरायचा. शाळेत तिला 'गेंगाणी' म्हणत. घरी मात्र तिला बित्तू म्हणत, कारण गल्लीतली बित्तंबातमी तिच्याकडे असायची. बरोबर तिचे बाबा आले होते. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले, आणि बसल्या बसल्या कंटाळा आला म्हणून त्यांनी आमच्या इमारतीची कुरकुरणारी लिफ्ट गप्प करून टाकली.

बित्तू माझ्यासमोर उभी राहिली. काकांनी मला थोडं तिरकं केलं आणि तिच्या हनुवटीच्या दोन बोटं खाली आणलं, म्हणजे नाकातली हवा थेट माझ्यावर आदळू नये. तिने कागद हातात घेतला, गाणं वाचलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. गीतकारांनी लिहिलं होतं, 'घ्या ना मला तुमच्यात, मी जरी वेगळी.'

"काका, हे असं का मागायचं?" तिने विचारलं. तिला कुणाशीही बोलायला वेळ लागत नसे. "हजेरीत माझं नाव आधीच आहे ना? मग घ्या ना कशाला?"

गीतकार काचेपलीकडे चहा पीत होते. ते आत आले. "मग तू काय म्हणशील?"

"मी म्हणेन, सरका जरा."

गीतकारांनी खिशातलं पेन काढलं. मग त्यांनी तिच्याच हातातला कागद उलटा केला आणि उभ्या उभ्या लिहिलं:

'सरका जरा, सरका जरा,
मलाही इथे बसायचंय;
बाकावरती जागा आहे,
कशाला मग रुसायचंय?'

तिने ते गायलं. मित्रांनो, मी मोठमोठे गळे ऐकलेत, त्यामुळे उगाच काहीतरी म्हणणार नाही. बित्तूचा सूर पक्का होता आणि शब्द थोडे ओले होते. काही अक्षरं निसटली. पण 'सरका जरा' म्हणताना तिने असा काही ठसका दिला की काचेपलीकडे बसलेले काका आपली खुर्ची सरकवून बसले. त्यांच्याही ते लक्षात आलं नाही. तिसऱ्या खेपेला गाणं पूर्ण झालं. ताईंनी डोळे पुसले. "हेच. अगदी हेच," त्या म्हणाल्या. चित्रीकरण झालं, बित्तूने पडद्यावर आपल्याच आवाजावर ओठ हलवले, आणि सगळं सुरळीत चाललंय असं मला वाटलं.

मग निर्माते साहेब आले.

साहेबांना मी दोष देणार आहे, पण त्यांचं बोलणं गोड होतं हेही सांगतो. त्यांनी डोळे मिटून गाणं ऐकलं. "सुंदर," ते म्हणाले. "स्वीकार हा आपल्या चित्रपटाचा आत्मा आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "पण आवाज बदलावा लागेल."

ताई खुर्चीतून उठल्या.

"असं बघा," साहेब समजावू लागले, "तिचा चेहरा आहे ना आपल्याकडे? तो आपण ठेवतोयच. ती रेघ पण ठेवतोय. पण गाणं लोकांनी गुणगुणायला हवं. लोक दिवसभर दमून येतात. त्यांना संदेश द्यायचा, पण खुपता कामा नये."

"पण साहेब, गोष्टच ही आहे," ताई म्हणाल्या.

"म्हणूनच तर! गोष्ट जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचायला नको?"

हे सगळं माझ्यासमोर चाललं होतं. माझा पडदा रागाने थरथरत होता, आणि काकांच्या यंत्रावरचा काटा उगाचच हलला. एका मुलीला जागा न देणाऱ्या शाळेवर तुम्ही चित्रपट काढता, आणि तुमच्याच चित्रपटात तिच्या आवाजाला जागा देत नाही! ही कुठली रीत? चेहरा चालतो, कारण तो भित्तीपत्रकावर शोभतो. आवाज चालत नाही, कारण तो ऐकावा लागतो.

ताईंनी आधी वाद घातला. मग घड्याळ पाहिलं. मग म्हणाल्या, "एकदा करून बघू." मित्रांनो, चांगली माणसं अशीच घसरतात, 'एकदा करून बघू' म्हणत.

समूहगानातल्या पंधरा मुलांत एक मुलगी होती, गोड गळ्याची. मिठाईच्या दुकानात काचेमागे ठेवावा असा गळा. तिला बोलावलं. तिच्या कानांवर बित्तूचं गाणं लावलं आणि संगीतकार म्हणाले, "बाळ, हेच गायचं. आणि जरासं नाकात गा हं. थोडंसंच. म्हणजे लोकांना कळेल, पण त्रास होणार नाही."

मी कान टवकारले. म्हणजे हे बित्तूचा आवाज काढून टाकणार, आणि मग त्याचीच नक्कल करून घेणार! धडधाकट गळ्याकडून! तीसुद्धा मोजूनमापून, गोड वाटेल इतकीच!

गोड गळ्याच्या मुलीने कानांवरचं काढलं. "नाकात?"

"हो, हो. तिच्यासारखं."

"आमच्या वर्गात असं कुणी केलं की बाई त्याला बाहेर उभं करतात," ती म्हणाली.

काचेपलीकडून तिची आई हातवारे करत होती, गा, गा. मुलीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आणि हिचं झालंय की चांगलं. मग मी कशाला?" ती संगीतकारांना म्हणाली. "मी नाही गाणार. मला घशात दुखतंय." तिच्या घशात काही दुखत नव्हतं. मी तिच्यासमोरच होतो, मला कळलं असतं. तिच्या आईने तिला जिन्यापर्यंत फरफटत नेलं, पण ती गायली नाही. दहा-अकरा वर्षांच्या पोरीला जे कळलं, ते खोलीतल्या मोठ्या माणसांना कळू नये, याचं मला आजही नवल वाटतं.

तुम्हाला वाटेल, आता तरी ते थांबले असतील. छे. दुसऱ्याच दिवशी एक गायिका आली. मोठी बाई होती, जाहिरातींत लहान मुलांचे आवाज काढायची. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. "एका मुलीचं गाणं आहे, जरा नाकात हवंय," एवढंच. ती हुशार होती. अर्ध्या तासात तिने काम केलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेली.

आणि ते मी उचललं. हो, मीच. मित्रांनो, माइकला दार नसतं. समोर जे येतं ते आत येतंच. त्या अर्ध्या तासाची मला जितकी लाज वाटते, तितकी कपाटातल्या नऊ वर्षांची वाटली नाही. काकांनी मात्र सगळे गेल्यावर बित्तूच्या मूळ गाण्याची ध्वनिफीत वेगळी काढली, डबीत ठेवली, वर जाड अक्षरात 'बित्तू' लिहिलं आणि ती डबी आपल्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकली.

बित्तूला कुणी सांगितलं का? नाही. ताई रोज ठरवायच्या. दोनदा त्यांनी तिच्या बाबांना फोन लावला, आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. गोड गळ्याच्या मुलीला वाटलं, आपण नाही म्हटलं म्हणजे विषय मिटला. तिनेही काही सांगितलं नाही.

चित्रपटाच्या उद्घाटनाचा कार्यक्रम सकाळी अकराला होता. मोठं सभागृह, पुढे पत्रकार, मागे मुलं आणि त्यांचे आईवडील. आधी गाणं मंचावर होणार आणि मग चित्रपट. साहेबांच्या माणसांना जुनी वस्तू दिसायला छान वाटते म्हणून त्यांनी मला मागवलं. मला चकचकीत दांड्यावर मंचाच्या मधोमध उभं केलं, गळ्यात रेशमी फीत बांधली. तार जोडलीच नव्हती! गाणं यंत्रातून वाजणार होतं, मुलांनी नुसते ओठ हलवायचे होते. मी शोभेचा, आणि बित्तूही शोभेचीच. आम्ही दोघं समोरासमोर उभे होतो आणि आमच्यापैकी एकालाच हे ठाऊक होतं.

तिने निळा झगा घातला होता. मागे पंधरा मुलं. तिसऱ्या रांगेत तिचे बाबा, आज पिशवी न घेता, हात कुठे ठेवावेत हे न कळून बसलेले. वाद्यं सुरू झाली. बित्तूने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडातून भलताच आवाज आला.

गोड, गुळगुळीत, जरासा नाकातला.

ती क्षणभर तशीच राहिली, ओठ उघडे. मी तिच्या इतक्या जवळ होतो की तिचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. नक्कल तिला लगेच ओळखू आली. शाळेच्या मैदानावर तिने ती रोज ऐकली होती. तिने विंगेत उभ्या असलेल्या ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान खाली घातली. मग बित्तूने ओठ मिटले. घट्ट. आणि हात मागे बांधून, समोर बघत उभी राहिली.

गाणं चालूच होतं. 'सरका जरा, सरका जरा' असं यंत्र म्हणत होतं आणि गाणारी मुलगी गप्प उभी होती. सभागृहात कुजबुज सुरू झाली. आता समूहाची ओळ आली. गोड गळ्याच्या मुलीने बित्तूच्या पाठीकडे पाहिलं, सगळं समजलं, आणि तिनेही तोंड बंद केलं. तिच्या शेजारच्याने तिला कोपर मारलं, मग तोही थांबला. मग पुढची रांग. पंधरा मुलांची पंधरा तोंडं बंद, आणि वरून मुलांचं आनंदी गाणं वाजतंय! असं भयाण दृश्य मी कधी पाहिलं नव्हतं. आणि मित्रांनो, इतका आनंदही मला कधी झाला नव्हता.

गाणं एकदम थांबलं. यंत्रावर काकाच होते. त्यांनी बटण बंद केलं आणि खांद्यावर तारेचं वेटोळं टाकून मंचाच्या पायऱ्या चढू लागले. गुडघे दुखायचे त्यांचे, एकेक पायरी सावकाश.

"काका, गाणं सुरू करा!" साहेब पहिल्या रांगेतून दबक्या आवाजात म्हणाले.

"सुरूच करतोय," काका म्हणाले.

त्यांनी माझ्या गळ्यातली फीत काढून खिशात घातली. तार जोडली. मला तिरकं केलं, बित्तूच्या हनुवटीच्या दोन बोटं खाली आणलं. परत आपल्या जागी गेले.

बित्तू गाईल असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. पण ती गायली नाही. तिने विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

तिचा तो 'माहीत', तिचा तो फुरफुरणारा श्वास, सगळं मी सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवलं. एक कणही कमी केला नाही.

ताई विंगेतून पुढे आल्या. "हो," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं. मीच होकार दिला. मी तुला सांगायला हवं होतं, आणि त्याच्याही आधी मी नाही म्हणायला हवं होतं."

"मी वाईट गायले होते का?"

"नाही गं. तू छान गायली होतीस."

"मग?"

ताईंनी पहिल्या रांगेतल्या साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी घड्याळाकडे. बित्तूने मागे वळून मुलांना मान हलवून खूण केली आणि गायला सुरुवात केली. वाद्यांशिवाय. मुलं टाळ्यांनी ताल धरू लागली. पहिली ओळ जरा कापली. दुसऱ्या ओळीला ती सावरली.

तेवढ्यात पुढच्या रांगेत एका पत्रकार बाईंबरोबर आलेला चार-पाच वर्षांचा मुलगा मोठ्यांदा म्हणाला, "आई, ती काय म्हणाली?" आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. सगळं सभागृह अवघडलं. बित्तू मात्र थांबली. त्याच्याकडे वाकून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "सरका जरा, असं म्हणाले मी."

"बरं," तो मुलगा म्हणाला, आणि खरोखरच खुर्चीत बाजूला सरकला.

आधी बित्तूच हसली. मग सगळे हसले. आणि मग मागच्या मुलांनी असा काही सूर लावला की माझा जुना पडदा फाटतो की काय, अशी मला धास्ती वाटली. तिच्या बाबांना आता हातांचं काय करायचं ते कळलं होतं. ते सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होते.

इथे मी थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण मला पुढचंही ऐकवायचंय.

टाळ्या संपतात न संपतात तोच साहेब मंचावर चढले. त्यांनी एक हात बित्तूच्या खांद्यावर टाकला आणि मला दुसऱ्या हाताने आपल्या तोंडाकडे ओढलं. "मित्रहो," ते म्हणाले, "हीच आमची खास योजना होती! तुम्हाला धक्का द्यायचा होता!" कॅमेरे चकाकले. ताई म्हणाल्या, "नाही, योजना नव्हती." पण तोपर्यंत मी साहेबांच्या मुठीत होतो आणि ताईंचं बोलणं पहिल्या दोन रांगांपलीकडे गेलं नाही. चित्रपटाचा खेळ त्या दिवशी झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी बित्तूचे बाबा आमच्या केंद्रात आले. साहेब, ताई, काका, सगळे होते. साहेबांनी त्यांच्यापुढे नवं भित्तीपत्रक ठेवलं. त्यावर बित्तूचा चेहरा आणि खाली अक्षरं, 'आता खऱ्या आवाजात!'

बाबांनी ते नीट वाचलं. "साहेब, मी लिफ्टचं काम करतो," ते म्हणाले. "लिफ्ट अडकली तर आम्ही लिफ्ट दुरुस्त करतो. आतली माणसं बदलत नाही."

"अहो, म्हणूनच तर तिचा आवाज परत घालतोय!"

"घाला. पण हे 'आता' खोडा. तिचा आवाज आधीपण खराच होता."

साहेबांनी 'आता' खोडलं. काकांनी जेवणाच्या पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. चित्रपट दोन महिने उशिरा आला, बित्तूच्या आवाजात. त्या हुशार गायिकेने वर्तमानपत्रात वाचल्यावर काकांना फोन केला आणि ती फोनवर रडली. "मला कुणी सांगितलं का नाही?" ती सारखी म्हणत होती. ताईंना साहेबांनी पुन्हा काम दिलं नाही. त्या आता दुसरीकडे लहान लहान चित्रपट करतात, आणि बित्तूच्या बाबांना फोन करतात तेव्हा हवापाण्याचं बोलत नाहीत.

चित्रपट काहींना आवडला. काहींनी लिहिलं, गाण्याचे शब्द नीट कळत नाहीत. बित्तूला शाळेत अजूनही दोघंतिघं 'गेंगाणी' म्हणतात. एका चित्रपटाने जग सुधारतं असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. फक्त, शाळेच्या समूहगानात ती आता पहिल्या रांगेत असते, आणि ती जागा तिला कुणी दिलेली नाही. ती जाऊन उभी राहिली.

आणि माझं काय झालं? काका निवृत्त झाले, केंद्र बंद झालं. साहेबांनी मला विकत घेतलं आणि आपल्या कार्यालयात काचेच्या पेटीत ठेवलं. खाली पितळी पाटी आहे. तिच्यावर स्वीकार, संवेदना, असे मोठमोठे शब्द कोरले आहेत. येणाऱ्याजाणाऱ्यांना साहेब माझ्यासमोर उभं करून ती कहाणी सांगतात, आणि त्यांच्या कहाणीत ती योजना त्यांचीच असते. मी आतून ऐकतो. अंगाचा तिळपापड होतो, पण करणार काय?

मित्रांनो, इथे रोज सकाळी साफसफाईला एक मावशी येतात. दूरच्या गावाहून आलेल्या आहेत, त्यांची बोली वेगळी आहे. गेले आठ दिवस त्या साहेबांना काहीतरी सांगू पाहताहेत. त्या तोंड उघडतात आणि दुसऱ्या शब्दाला साहेब म्हणतात, "कळलं, कळलं." परवा कारकुनाने त्यांच्या बोलीची नक्कल केली आणि सगळे हसले. माझ्या पाटीखाली उभं राहून हसले! मग मावशींनी फडकं पिळलं, माझी काच पुसली आणि पुसता पुसता आपलं म्हणणं मला पूर्ण सांगितलं.

तुम्हाला जुन्या वस्तूंबद्दल खरंच माया वाटत असेल, तर माझी जाळी पुसू नका. कुणी बोलत असेल तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. वेळ लागला तर लागू द्या. नाही कळलं तर सरळ विचारा, त्यात अपमान नाही. आणि कधी या कार्यालयात आलात, तर मावशींना थांबवून त्यांचं काय म्हणणं आहे ते विचारा. मला ते ठाऊक आहे. पण मी सांगणार नाही. ते त्यांच्या आवाजात ऐका.